तीन किलोवॅट की पाच? छतावर सोलर बसवण्याआधी काय बघायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. सांगलीजवळच्या गावात स्लॅबचं घर आहे. वीज महिन्याला सरासरी ३०० युनिट लागते, एप्रिल-मेमध्ये ४०० पर्यंत जाते. दोन ठेकेदारांची कोटेशन आली आहेत. एक ३ किलोवॅट पुरेल म्हणतो, दुसरा ५ किलोवॅट आणि वर बॅटरीही घ्याच म्हणतो. घराच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी उंच आहे. मीटर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. आणि शेवटचा प्रश्न, पॅनल कुठल्या कंपनीचं घ्यावं?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळेच पहिला विचारतात. केंद्र सरकारचं अनुदान हवं असेल तर पॅनल भारतात बनलेलं, त्यातला सेलसुद्धा भारतात बनलेला असावा लागतो. बाजारात त्याला डीसीआर पॅनल म्हणतात. शिवाय ते सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतलं असावं लागतं. या चाळणीतून आलेल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या पॅनलमध्ये घरगुती वापराच्या दृष्टीने फार फरक उरत नाही. कोटेशनमध्ये पॅनलची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते आणि स्ट्रक्चर (पॅनल ज्यावर बसतात तो सांगाडा), केबल, अर्थिंग यांना मिळून एक ओळ असते. पाच-सात वर्षांनी मला ज्या छतांवर दुरुस्तीला बोलावतात, तिथे बिघाड बहुतेक वेळा त्या एका ओळीतला असतो. म्हणून माझा सगळा भर तिथे आहे. पण आधी आकार ठरवू.

आकार मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नका, वर्षभराच्या युनिटांवरून ठरवा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यातल्या बारा महिन्यांची बेरीज करा. तुमची ती ३,६०० च्या आसपास निघेल. आपल्या भागात १ किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या जवळपास देतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या साठेक टक्के, आणि झड लागली तर एखाद्या दिवशी अख्खी सिस्टीम मिळून तीन-चार युनिटसुद्धा. तरी वर्षाचा हिशेब केला तर ३ किलोवॅट तुम्हाला ३,९०० ते ४,३०० युनिट देईल. म्हणजे गरज भागून थोडं उरतंच.

मग ५ किलोवॅट का नको? अनुदानाची रचना बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. एकूण ७८,०००, आणि तिथे ते थांबतं. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्णपणे तुमच्या खिशातून. बरं, त्यातून येणारी वीज वाचवणार काय? महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे, १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि ३०० च्या वर आणखी जास्त. सोलरचं युनिट बिलाच्या वरच्या टोकाकडून कापत येतं. म्हणून पहिला-दुसरा किलोवॅट तुमची महाग वीज वाचवतो, तिसरा बराचसा स्वस्त टप्प्यात काम करतो, आणि त्यापुढचे दोन अशी वीज बनवतात जी तुम्हाला लागतच नाही.

ती जादा वीज जाते कुठे, हेही नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. दिवसा घरात जे लागतं ते वापरून उरलेलं नेट मीटरमधून, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, लाइनवर जातं, रात्री तुम्ही लाइनवरून घेता. महिन्याअखेरीस आयातीतून निर्यात वजा होते. समजा एका महिन्यात सोलरने ३६० युनिट बनवले, त्यातले ११० दिवसा घरातच वापरले गेले, २५० बाहेर गेले, आणि रात्री-पहाटे मिळून २८० लाइनवरून घेतले. बिल येईल ३० युनिटांचं. लोक बिलावर निर्यात २५० बघतात आणि ‘३६० पैकी ११० चोरीला गेले’ म्हणून फोन करतात. ते घरातच वापरले गेले आहेत, ते कुठल्याच मीटरच्या निर्यातीत दिसणार नाहीत.

निर्यात जास्त झाली तर ती पुढच्या महिन्यात धरली जाते, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमावलीनुसार आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिट आयोगाने ठरवलेल्या दराने वीज कंपनी विकत घेते, आणि तो दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे एप्रिल-मेमधली शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते, पण डिसेंबर ते मार्चची भरघोस शिल्लक मार्चअखेरीस स्वस्तात जाते. ५ किलोवॅट बसवलंत तर दरवर्षी तीन-साडेतीन हजार युनिट असे स्वस्तात जातील. पैसे कमावण्यासाठी घरावर सोलर मोठं करू नका, या नियमांत ते बसत नाही.

एक अपवाद आहे. येत्या वर्षा-दोन वर्षांत एसी, इंडक्शन शेगडी किंवा विजेची गाडी घेणं नक्की ठरलं असेल तर ४ किलोवॅटचा विचार करा. नुसतं ‘पुढेमागे घेऊ’ असेल तर ३ वरच थांबा आणि स्ट्रक्चर असं मांडून घ्या की शेजारी आणखी दोन पॅनल बसतील.

खर्चाचं म्हणाल तर चांगल्या सामानासह ३ किलोवॅट सध्या पावणेदोन ते सव्वादोन लाखांत बसतं, आणि त्यातून ७८,००० परत येतात. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. तुमचं कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागा. तुमच्या वापराला खर्च चार-पाच वर्षांत वसूल व्हायला हरकत नाही. ‘बिल शून्य’ ही जाहिरात मात्र खरी नव्हे, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटांच्या आतच आहे, त्यांनी घाई करू नये असं मी स्पष्ट सांगतो, त्यांची वसुली फार लांबते.

आता टाकीची सावली. तुमच्या घराच्या बाबतीत सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि दोन्ही ठेकेदारांनी त्याबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही.

पॅनल एकामागे एक मालिकेत जोडलेली असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. ठिबकच्या नळीवर एके ठिकाणी पाय पडला की पुढचे ड्रिपरही मंदावतात, तसं एका पॅनलवरच्या सावलीने ओळीतल्या बाकीच्यांवर परिणाम होऊ शकतो. पॅनलच्या आत बायपास डायोड असतात, ते सावलीतल्या भागाला वळसा देतात, त्यामुळे सगळंच बंद पडत नाही. पण त्या पॅनलचा तिसरा भाग किंवा अर्धा भाग कामातून जातो, आणि सावली रोज त्याच जागी पडत असेल तर तिथले सेल तापून कायमचे डागाळतात.

सूर्य वर्षभर एका वाटेने जात नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सांगलीत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या टाकीची सावली तुमच्या छताकडे जवळजवळ येतच नाही. ठेकेदार मेमध्ये येऊन छत बघतो आणि ‘सावली नाही’ म्हणतो. २१-२२ डिसेंबरला काय होतं बघा. भर दुपारी साडेबाराला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो. टाकीचा माथा पॅनलच्या पातळीपेक्षा १० फूट उंच असेल तर तिची सावली साडेआठ फूट उत्तरेला येते. सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनला तीच सावली १७ फूट लांब होते, सकाळी वायव्येकडे तिरकी, दुपारी ईशान्येकडे.

तेव्हा टाकीच्या माथ्याची उंची तुमच्या छताच्या पातळीपासून मोजा, त्यातून पॅनलच्या खालच्या कडेची उंची वजा करा, आणि उरेल त्याच्या पावणेदोन पट अंतर टाकीपासून मोकळं सोडा. टाकीच्या उंचीइतकंच तिचं स्थानही बघा, ती नैर्ऋत्येला असली तर दुपारनंतरचा मार जास्त बसेल. तुमच्याच जिन्याची खोली पॅनलच्या उत्तरेला असेल तर काळजी नाही, दक्षिणेला असेल तर तोच हिशेब. नारळाचं झाड असेल तर ते पाच वर्षांनी किती उंच असेल याचाही विचार करा. ३ किलोवॅटच्या सहा पॅनलांना दोन ओळींमधलं अंतर धरून २५० ते ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते. सावली टाळून तेवढी जागा उरत नसेल तर पाच पॅनल बसवा, पण सावलीत सहावं बसवू नका.

पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ अंशांच्या आसपास ठेवा. एक-दोन अंशांवरून ठेकेदाराशी वाद घालू नका, उत्पादनात त्याने नावापुरता फरक पडतो. मात्र पॅनल अगदी सपाट नको, खालच्या चौकटीशी चिखलाची रेघ साठते. आणि पॅनलच्या खालून वारा खेळता राहायला हवा. एप्रिलमध्ये पॅनलच्या आतलं तापमान ६०-६५ अंशांवर जातं आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. ऊन कडक म्हणून वीज जास्त, असं होत नाही, फेब्रुवारी-मार्चचे थंड सकाळींचे लख्ख दिवसच उत्तम असतात.

स्ट्रक्चरबद्दल घरातल्या मंडळींचा पहिला आग्रह असतो की ते उंच करा, खाली पापड-कुरडया वाळवता आल्या पाहिजेत. मागणी रास्त आहे, उन्हाळकामाला गच्ची लागतेच. पण आठ फूट उंच स्ट्रक्चरला वारा खालून उचलतो, त्याला पाइप जाड लागतात, तिरके आधार लागतात, खर्च वाढतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा उभ्या-आडव्या गोष्टींचं वाऱ्याने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे तसं वादळ येत नाही, पण वळवाचा वारा कमी नसतो, पत्रे दरवर्षी उडतात. उंच करायचं असेल तर ठेकेदाराकडून पाइपचं माप आणि जाडी लिहून घ्या, नाहीतर तीन फुटांवर समाधान माना.

पाइप हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले हवेत, त्यावर जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन असावा. काळ्या लोखंडाला चंदेरी रंग मारलेलं स्ट्रक्चर लांबून तसंच दिसतं आणि तिसऱ्या पावसाळ्यात गंजायला लागतं. छतावर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं आणि गंज नेमका सांध्यापासून सुरू होतो. सगळे जोड नटबोल्टचे, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. स्लॅबला भोकं पाडायची असतील तर केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) वापरून वर काँक्रीटचा ठोकळा ओतायला सांगा. वॉटरप्रूफिंगचा कोबा फोडून नुसता अँकर ठोकला तर पुढच्या पावसात खोलीत थेंब टपकतील, आणि तेव्हा ठेकेदार गवंड्याकडे आणि गवंडी ठेकेदाराकडे बोट दाखवेल.

वायरिंगमध्ये एकाच गोष्टीवर ठाम राहा, पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या (पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी करणाऱ्या यंत्रापर्यंतच्या) डीसी केबलला मध्ये टेप गुंडाळलेला जोड नको. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून तिची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी एकदा पेटली की जळतच राहते. जोड फक्त सोलर केबलच्या एमसी-४ कनेक्टरने, दोन्ही बाजूचे एकाच कंपनीचे, आणि ते हत्याराने दाबलेले, पकडीने चेपलेले नव्हेत. केबल उन्हात टिकणारी सोलरची, पाइपमधून नेलेली. अर्थिंगचे खड्डे तीन, एक डीसी बाजूला, एक एसी बाजूला, एक वीजरोधकाला. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंग कमजोर होतं, त्यामुळे एप्रिलपासून त्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी ओतत जा. वळीव कडाडतो तो नेमका त्याच दिवसांत.

इन्व्हर्टर मीटरजवळ, सावलीत, हवेशीर भिंतीवर. आणि एक गोष्ट जी कुठल्याच कोटेशनमध्ये नसते, पोलपासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर. मिरजेच्या पूर्व भागात एका वस्तीवरच्या घरी मला बोलावलं होतं. ३ किलोवॅटची सिस्टीम, सामान चांगलं, तरी ऊन चढलं की इन्व्हर्टर बंद पडायचा, थोड्या वेळाने सुरू व्हायचा, पुन्हा बंद. मोबाइलवरचा आलेख करवतीच्या दातांसारखा. दुपारी मीटर लावून पाहिलं, इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज २५९ आणि पोलवर २४४. पोल ५० मीटरवर आणि तिथून आलेली वायर अडीच चौरस मिलिमीटरची जुनी ॲल्युमिनियमची. पूर्ण उन्हात साधारण १३ अँपिअर त्या बारीक तारेतून उलट पोलकडे ढकलायचे तर इन्व्हर्टरला तितकं व्होल्टेज वर न्यावं लागतं. आणि २३० च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ च्या पुढे गेलं की तो सुरक्षेसाठी स्वतःला लाइनपासून तोडतो. दहा चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर हा फरक चार व्होल्टच्या आत आला आणि आलेख डोंगरासारखा गोल झाला. तुमचं घर पोलपासून लांब असेल तर हे आत्ताच बघून घ्या.

बॅटरीचा प्रश्न. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेल्या सिस्टीममध्ये लाइट गेली की भर उन्हातसुद्धा सोलर बंद होतं. हा दोष नाही. तुमचं सोलर लाइनवर वीज सोडत राहिलं तर पोलवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून ते बंद व्हायलाच हवं. ठेकेदारांनी हे आधी सांगायला पाहिजे, बरेच जण सांगत नाहीत. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, तिला या योजनेत अनुदान नाही आणि खर्च जवळपास दीडपट-दुपटीवर जातो. तुमच्याकडे रोज पाच-सहा तास लाइट जात नसेल तर घेऊ नका. घरात पंखे-दिव्यांपुरता जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहे ना, तो तसाच ठेवा. लाइट असताना तो चार्ज होतो, गेल्यावर कामाला येतो. गावात दिवसाच जास्त वेळ लाइट जात असेल तर मात्र तेवढं सोलरचं उत्पादनही बुडतं, हे वसुलीच्या हिशेबात धरा.

मीटरच्या नावाचं काम सगळ्यात आधी करा, अगदी ठेकेदार ठरवण्याच्याही आधी. योजनेचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि नाव अर्जदाराचं, बँक खात्याचं एकच असलं की अनुदान विनातक्रार जमा होतं. वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ चा उतारा घेऊन आधी वीजजोडणी तुमच्या नावावर करून घ्या. बहीण-भावांच्या सह्या गोळा करायला वेळ लागतो, म्हणून म्हणतो. अनुदानाचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि ठेकेदार तिथे नोंदणीकृत असावा लागतो. १० किलोवॅटपर्यंत काम सुरू करण्याआधीच्या तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, मंजूर भार कमी असेल तर तोही वीज कंपनी वाढवून देते. काम झालं, नेट मीटर बसलं, तपासणी झाली की अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. ‘अनुदान वजा करून राहिलेले द्या’ असं म्हणणाऱ्याशी जपून बोला. पैसे कमी पडत असतील तर सरकारी बँका या योजनेत तारण न घेता कमी व्याजाने कर्ज देतात, ते घ्या.

ठेकेदाराला सगळे पैसे आधी देऊ नका. दहा-पंधरा टक्के नेट मीटर चालू होईपर्यंत हाती ठेवा, आणि हे पहिल्याच बोलणीत ठरवा. प्रत्येक पॅनलच्या मागचा नंबर बसवण्याआधी फोटोत घ्या, वर चढल्यावर तो दिसत नाही. योजनेत पाच वर्षं देखभाल ठेकेदाराची जबाबदारी असते, वर्षातून किती वेळा येणार ते लिहून घ्या.

धुण्याचं काम तुमचंच. आपल्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यांची काजळी आणि जाळलेल्या पाचटाची राख उडते, आणि नेमक्या सर्वोत्तम उन्हाच्या दिवसांत काचेवर काळपट साय बसते. नोव्हेंबर ते मार्च पंधरा दिवसांनी धुवा, एरवी महिन्याने, पावसाळ्यात नाही धुतलं तरी चालेल. सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं क्षाराचं पाणी वापरून तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात जे नंतर निघत नाहीत. नळाचं पाणी, मऊ फडकं, साबण नको.

पहिलं वर्षभर दर महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरचं आणि नेट मीटरचं रीडिंग वहीत लिहून ठेवा. फेब्रुवारीतल्या निरभ्र दिवशी, काच स्वच्छ असताना, तुमच्या सिस्टीमने १३ युनिटांच्या खाली दिलं तर काहीतरी चुकतंय. आधी सावली बघा, मग कनेक्टर, मग दुपारचं व्होल्टेज, आणि देखभालीची मुदत संपण्याआधी ठेकेदाराला छतावर बोलवा.